एकच फोल्डर, चार संगणकप्रणाली: बेळगावातल्या एका छापखान्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगावच्या शहापूर भागातला एक ऑफसेट छापखाना. लग्नपत्रिका आणि दिवाळी अंक ही हंगामी कामं. वर्षाचा मोठा आधार म्हणजे सहकारी पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातल्या संस्था अहवाल बहुधा मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत काढतात. सर्वसाधारण सभा सप्टेंबरात असल्यामुळे ऑगस्टचा शेवट आला की एकेका अहवालावर तीन-तीन माणसं बसलेली असतात. फाइलींची नावं संस्थेच्या भाषेत ठेवायची, ही इथली जुनी सवय. कोणती फाइल कोणाची हे एका नजरेत कळतं, म्हणून ती सवय चांगलीच म्हणायची.

छापखान्यात सात संगणक होते. अक्षरजुळणीसाठी विंडोज १० चे चार आणि रंगदुरुस्तीसाठी एक आयमॅक. हिशेब व इंटरनेटसाठी उबुंटू लिनक्सचा एक होता. प्लेट काढणाऱ्या सीटीपी (संगणकावरून थेट प्लेट) यंत्राचा रिप, म्हणजे पानाचं प्लेटसाठीच्या ठिपक्यांत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, विंडोज एक्सपीवर चालत असे, कारण यंत्रासोबत आलेलं सॉफ्टवेअर त्यापुढच्या विंडोजवर चालत नव्हतं.

फाइली पेनड्राइव्हवरून आणि एक्सफॅट (डिस्कवर फाइली मांडण्याची एक पद्धत) केलेल्या एका बाहेरच्या डिस्कवरून इकडून तिकडे जात. एक्सफॅट सगळ्या संगणकांवर वाचता-लिहिता येतं आणि फॅट३२ या जुन्या पद्धतीची एका फाइलला ४ जीबीची मर्यादा त्याला नाही. मात्र त्यात जर्नल, म्हणजे चालू लेखनाची नोंदवही, नसतं. लिहिणं चालू असताना वीज गेली, तर अर्धवट राहिलेला व्यवहार परत फिरवण्याची सोय त्यात नाही. एका संध्याकाळी नेमकं तेच झालं आणि चालू कामाचे दोन फोल्डर वाचता येईनासे झाले. त्यानंतर सगळ्यांसाठी एकच सामायिक फोल्डर करायचा, असं ठरलं.

पर्याय

तीन पर्याय समोर होते.

पहिला पर्याय म्हणजे एका विंडोज संगणकावरची एनटीएफएस (विंडोजच्या पद्धतीची) डिस्क शेअर करायची. मॅक एनटीएफएस डिस्क थेट जोडली तर वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही, म्हणून हा पर्याय अनेकदा सुरुवातीलाच बाद होतो. ते कारण चुकीचं आहे. नेटवर्कवरून जाताना मॅक एसएमबी ही फाइलींच्या देवघेवीची भाषा बोलतो. पलीकडे डिस्क कोणत्या पद्धतीची आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसतं, त्यामुळे लिहिता येतं. विंडोज १० ला एका वेळी २० जोडण्यांची मर्यादा आहे, आणि सात संगणकांना ती पुरेशी होती. खरी अडचण अशी की तो संगणक कोणाच्या तरी रोजच्या कामाचा असणार. तो रीस्टार्ट झाला की सगळ्यांचं काम थांबणार.

दुसरा पर्याय तयार नॅस पेटी, म्हणजे नेटवर्कला जोडायची डिस्कांची पेटी, विकत घेण्याचा. तिसरा, उबुंटूच्या संगणकात नवी डिस्क घालून त्यावर ईएक्सटी४ (लिनक्सची डिस्क-पद्धत) आणि सांबा (लिनक्सवरचा फोल्डर एसएमबीने इतरांना देणारा प्रोग्रॅम) बसवण्याचा. यंत्र हाताशी होतं आणि खर्च फक्त डिस्कचा होता, म्हणून तिसरा ठरला.

या टप्प्यावर एक प्रश्न कोणी विचारला नाही: आपल्या फाइलींची नावं तिथे बसतील का? यूटीएफ-१६ आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या दोन पद्धती. एनटीएफएसमध्ये नावाची मर्यादा २५५ यूटीएफ-१६ एककांची आहे. देवनागरी आणि कन्नडची प्रत्येक खूण तिथे एकच एकक घेते. ईएक्सटी४ मध्ये मर्यादा २५५ बाइटची आहे, आणि यूटीएफ-८ मध्ये या दोन्ही लिप्यांची प्रत्येक खूण ३ बाइट घेते. म्हणजे जास्तीत जास्त ८५ खुणा. खूण म्हणजे अक्षर नव्हे. मात्रा, अनुस्वार, हलन्त, सगळं वेगळं मोजलं जातं. 'पतसंस्था' आपण चार अक्षरांत वाचतो; तिथे ते आठ खुणांचं, म्हणजे २४ बाइटचं आहे. एकट्या 'श्री'ला १२ बाइट लागतात.

नॅस घेऊनही ही मर्यादा टळली नसती. बहुतेक नॅस पेट्यांच्या आत लिनक्सच असतं, आणि एक्सएफएस, बीटीआरएफएस या लिनक्सच्या इतर डिस्क-पद्धतींचीही मर्यादा २५५ बाइटच आहे. ईक्रिप्टएफएस वापरून कुलूपबंद केलेल्या फोल्डरात तर ती १४३ बाइटवर येते, म्हणजे देवनागरीच्या ४७ खुणा.

अडचणी कशा उघड झाल्या

आठ वर्षांचं जुनं काम मॅकला जोडलेल्या एचएफएस प्लस (मॅकची जुनी पद्धत) डिस्कवर होतं. ते आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमने रात्रीतून उबुंटूवर उतरवलं. चालू काम विंडोजच्या संगणकांवरून साधं कॉपी केलं.

सर्वांत आधी लांब नावं अडली. 'सहकारी पतसंस्था वार्षिक सर्वसाधारण सभा अहवाल मुखपृष्ठ अंतिम दुरुस्ती अध्यक्षांनी पाहिलेली प्रत' हे त्यातलं एक. विंडोजच्या हिशेबात हे ९४ एककं आणि पीडीएफच्या विस्ताराची ४, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. ईएक्सटी४ च्या हिशेबात २६४ बाइट. नाव फार मोठं असल्याचा संदेश येई, आणि ९४ अक्षरांचं नाव मोठं कसं, हे ऑपरेटरांना कळेना. काहींनी फाइल विंडोजवरच ठेवून काम पुढे नेलं. सामायिक फोल्डर असूनही फाइलींच्या दोन-दोन प्रती होऊ लागल्या त्या इथून.

दुसरी तक्रार मॅकवरून आली. "अण्णा, फाइल दिसतेय की, पण उघडेना झालीय," असं रंगदुरुस्ती करणाऱ्या मुलाने मालकांना सांगितलं. सगळ्या फाइलींचं असं होत नव्हतं. ज्या उघडत नव्हत्या त्यांची यादी केली, तेव्हा मराठी नावांत जवळजवळ प्रत्येक ठिकाणी 'ऱ' निघाला: वऱ्हाड, शेतकऱ्यांसाठी, कऱ्हाड. कन्नड नावांत गोकाक आणि चिक्कोडी. बेळगाव किंवा निपाणी नावाच्या फाइली मात्र बिनतक्रार उघडत होत्या.

कारण युनिकोडच्या (प्रत्येक खुणेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) दोन रूपांत आहे. 'ऱ' ही एक स्वतंत्र खूण आहे, क्रमांक ०९३१. तीच 'र' अधिक नुक्ता (अक्षराखालचं टिंब) अशा दोन खुणांनीही लिहिता येते. युनिकोड दोन्ही समान मानतं. जोडलेल्या रूपाला एनएफसी म्हणतात, सोडवलेल्याला एनएफडी. कन्नडमध्ये हा प्रश्न जास्त व्यापक आहे, कारण तिथल्या दीर्घ ई, दीर्घ ए, ऐ, ओ आणि दीर्घ ओ यांच्या मात्रा तुकड्यांत सोडवता येतात. 'गोकाक'मधल्या दीर्घ ओकाराचे तीन तुकडे पडतात, म्हणजे ३ बाइटच्या जागी ९. बेळगाव आणि निपाणी यांच्या कन्नड नावांत अशी एकही मात्रा नाही, म्हणून ती सुटली.

एचएफएस प्लस प्रत्येक नाव सोडवलेल्या रूपातच साठवतं. आरसिंकने ते जसंच्या तसं ईएक्सटी४ वर उतरवलं. ईएक्सटी४ ला नाव म्हणजे निव्वळ बाइटची ओळ. त्याच्या दृष्टीने ही दोन रूपं म्हणजे दोन वेगळी नावं. पुढे मॅक एसएमबीवरून फाइल मागताना जोडलेलं रूप पाठवत होता, आणि त्या नावाची फाइल सर्व्हरवर नव्हती. विंडोज मिळालेलं नाव तसंच परत पाठवतं, म्हणून तिथे फाइल उघडे. पण विंडोजवर तेच नाव हाताने लिहून फाइल साठवली, की डोळ्यांना अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन फाइली शेजारी-शेजारी उभ्या राहत.

आरसिंकला हा बदल वाटेतच करता येतो. त्यासाठी 'आयकॉन्व्ह' हा पर्याय आहे, पण तो ३.० आवृत्तीपासूनचा. मॅकसोबत आलेली आवृत्ती २.६.९ होती. दोन्ही टोकांना ३.० किंवा पुढची आवृत्ती असल्याशिवाय तो चालत नाही.

तिसरा प्रकार चिन्हांचा. मॅकवर फाइंडरमध्ये नावात तिरकी रेघ चालते, म्हणून अहवालांवर '२०२२/२३' असं लिहिलेलं होतं. आरसिंकसारख्या प्रोग्रॅमला मॅक ती रेघ अपूर्णविराम (:) म्हणून देतो. लिनक्सला अपूर्णविराम चालतो, विंडोजला चालत नाही. तसंच 'सोसायटी लि.' या फोल्डरांचं. विंडोजला नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागा चालत नाही. अशा वेळी सांबा विंडोजला मूळ नावाऐवजी मध्ये '~' असलेलं छोटं, अगम्य रोमन नाव दाखवतो. एका ऑपरेटरने ती बिघडलेली फाइल समजून पुसली. पलीकडे खरी फाइल गेली. ती मॅकच्या जुन्या डिस्कवर अजून होती, म्हणून परत मिळाली.

चौथा प्रसंग सगळ्यांत महागात पडला. एका अहवालाचं कन्नड ताळेबंदाचं पान विंडोजवर पान-मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडं होतं. संस्थेकडून ई-मेलने आलेली दुरुस्त फाइल दुसऱ्या ऑपरेटरने उबुंटूच्याच संगणकावर बसून थेट फोल्डरात जुन्या फाइलीवर टाकली. विंडोजवर कोणी फाइल धरून ठेवली असेल, तर सांबा दुसऱ्याला तिच्यावर लिहू देत नाही. पण हा पहारा फक्त सांबाच्या दारातून येणाऱ्यांवर असतो. जो त्याच यंत्रावर बसून थेट डिस्कवर लिहितो, त्याला लिनक्स अडवत नाही. तिथली कुलपं पाळणं ज्याच्या-त्याच्या प्रोग्रॅमवर सोडलेलं असतं. दहा मिनिटांनी विंडोजवरच्या माणसाने आपली जुनी प्रत साठवली आणि दुरुस्ती बुजली. पान छापून झाल्यावर चूक दिसली. तो फॉर्म (एका प्लेटवर एकत्र छापला जाणारा पानांचा संच) नव्या प्लेटवर पुन्हा छापावा लागला.

काय केलं

आधी नवीन फाइली टाकणं दोन दिवस थांबवलं आणि संपूर्ण डिस्कची प्रत घेतली. ही प्रत घेतल्याशिवाय नावं बदलण्याच्या कोणत्याही कामाला हात लावू नये. सारखी दिसणारी दोन नावं एक होताना एक फाइल दुसरीवर बसू शकते.

त्यानंतर एनएफडी नावं एनएफसीत आणली. यासाठी लिनक्सवर कन्व्हएमव्ही ही आज्ञा आहे. मूळ आणि नवी दोन्ही लिपी-पद्धत यूटीएफ-८ सांगायची, एनएफसीचा पर्याय द्यायचा आणि आतल्या फोल्डरांसाठी आर. 'नोटेस्ट' असं स्पष्ट दिल्याशिवाय ती काहीच बदलत नाही, फक्त काय बदलेल याची यादी दाखवते. ती यादी आधी फाइलीत साठवून वाचली. जिथे दोन रूपं एकाच फोल्डरात होती, तिथे आकार आणि तारीख पाहून कोणती ठेवायची ते माणसाने ठरवलं.

एवढं करूनही काही 'ऱ' जुळेनात. काही कीबोर्डांवरून 'ऱ्य' लिहिताना 'र', हलन्त आणि त्यानंतर न दिसणारं शून्य-रुंदी जोडचिन्ह पडतं. दिसायला दोन्ही सारखी, पण युनिकोड या दोघांना समान मानत नाही, त्यामुळे कन्व्हएमव्हीला ती एक करता येत नाहीत. इथे एक मोह झाला होता: सगळ्या नावांतून जोडचिन्ह काढून टाकायचं. तसं केलं असतं तर कन्नड नावं बिघडली असती. कन्नडमध्ये रँक, रॅली यांसारखे शब्द लिहिताना 'र'चा आकार नीट राहावा म्हणून हेच चिन्ह मुद्दाम घालतात. म्हणून बदल नेमका ठेवला: देवनागरी 'र', हलन्त, जोडचिन्ह हा क्रम जिथे असेल, तिथेच 'ऱ' आणि हलन्त घालायचं. बाकी कुठेही हात लावायचा नाही. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून 'र'ची कळ दाबली की थेट 'ऱ' येतो. तो सराव सगळ्यांना करून दिला.

जुन्या कामाची लांब नावं कापायची का, यावर बराच खल झाला. पान-मांडणीच्या फाइली आतल्या फोटोंचा पत्ता नावानेच लक्षात ठेवतात. फोटोचं नाव बदललं की जोडणी तुटते, आणि पुढच्या वर्षी तो अहवाल उघडणाऱ्याला पानं रिकामी दिसतात. म्हणून जुना संग्रह एनएफसी करून फक्त वाचण्यासाठी ठेवला. जी नावं मर्यादेत बसतच नव्हती तेवढीच कापली, आणि जुनं नाव-नवं नाव अशी यादी त्याच फोल्डरात ठेवली.

चालू कामासाठी नियम केला: नावात जास्तीत जास्त ४० खुणा, फोल्डरांच्या तीनच पातळ्या. ४० खुणा म्हणजे १२० बाइट, त्यामुळे पुढे कुलूपबंद फोल्डर करायची वेळ आली तरी विस्तारासकट नाव बसेल. तीन पातळ्यांमुळे विंडोजची २६० एककांच्या पूर्ण पत्त्याची जुनी मर्यादाही ओलांडली जात नाही. सुरुवातीला कामाचा क्रमांक, मग वर्ष-महिना-दिवस, मग थोडक्यात नाव. 'लि.'च्या जागी 'नियमित', वर्षासाठी तिरक्या रेघेऐवजी आडवी. रोमन नावांत मोठ्या-लहान अक्षरांचा खेळ नको. ईएक्सटी४ वर अशी दोन नावं वेगळी राहतात, पण विंडोजला त्यांतली एकच धड उघडता येते.

सांबात कॅटिया, फ्रूट आणि स्ट्रीम्स-एक्सॲटर ही तीन मॉड्यूलं या क्रमाने लावली, म्हणजे मॅकची चिन्हं आणि त्याची जादा माहिती नीट सांभाळली जाते. मॅक प्रत्येक फोल्डरात आपोआप टाकतो त्या डीएस-स्टोअर फाइली बंद केल्या. टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या फाइली मात्र सरसकट बंद केल्या नाहीत, आणि हा निर्णय महत्त्वाचा होता. जुन्या मॅक टाइप-१ फाँटांचा सगळा ऐवज रिसोर्स फोर्कमध्ये (मॅकच्या फाइलीला जोडलेल्या दुसऱ्या भागात) असतो, आणि तो अशाच फाइलींतून जातो. कचरा समजून त्या झाडल्या की हाती शून्य बाइटचा फाँट उरतो.

परवानग्यांसाठी सगळ्यांचा एकच गट केला. नव्या फाइलींना ०६६४, फोल्डरांना २७७५, म्हणजे गटातल्या कोणालाही लिहिता येईल. रूट (लिनक्सचा मुख्य प्रशासक) म्हणून उतरवलेल्या जुन्या फाइलींची मालकीही त्या गटाकडे वळवली, नाहीतर विंडोजवर त्या दिसत पण साठवता येत नसत. उबुंटूच्या संगणकावर थेट डिस्कमध्ये लिहिण्याची मुभा काढली. तिथे बसणाऱ्यानेही फोल्डर सांबाच्या वाटेनेच उघडायचा.

राहिला एक्सपी. तो फक्त एसएमबी१ बोलतो, आणि सांबाने ४.११ पासून ते मुळात बंद ठेवलेलं आहे. एक ओळ बदलली की चालू होतं, आणि यंत्र बसवणाऱ्या कारागिराचाही सल्ला तोच होता. तो मानला नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणी मागणारं मालवेअर पसरलं ते विंडोजच्या एसएमबी१ मधल्या खिंडारातून, आणि दुरुस्ती न बसवलेला एक्सपी त्याच नेटवर्कवर जोडणं म्हणजे ते दार आपण होऊन उघडं टाकणं. एक्सपी नेटवर्कपासून पूर्ण तोडला. रिपकडे फक्त पीडीएफ जाते, तीही फॅट३२ च्या वेगळ्या पेनड्राइव्हवरून. नाव फक्त रोमन अक्षरं आणि अंक: कामाचा क्रमांक, पान, दुरुस्तीचा क्रमांक. एक्सपीवर गुंतागुंतीच्या लिप्यांचा आधार वेगळा बसवावा लागतो, तो नसला की देवनागरी नाव नीट वाचता येत नाही. फॅट३२ वर एका फाइलची मर्यादा ४ जीबीला एक बाइट कमी आहे. छपाईची पीडीएफ क्वचितच तिथपर्यंत जाते.

राखीव प्रतीसाठी दोन डिस्का. एक ईएक्सटी४ ची, रोज रात्री आरसिंकने. दुसरी एक्सफॅटची, आठवड्यातून एकदा. तिच्यावर सुट्या फाइली न टाकता एकच टार (अनेक फाइलींची एकत्र मोट) फाइल ठेवली जाते. एक्सफॅटला परवानग्या साठवता येत नाहीत आणि अपूर्णविरामासारखी चिन्हं चालत नाहीत. टारच्या आत दोन्ही सुरक्षित राहतात. सर्व्हर बंद पडला तर ही डिस्क मॅकवर उघडते, आणि विंडोज १० वरही, कारण त्यात १८०३ आवृत्तीपासून टार आहे.

निष्पत्ती

हे सगळं मिळून तीन आठवडे गेले, तेही ऐन अहवालांच्या दिवसांत. त्यानंतर मॅकवर न उघडणाऱ्या फाइलींची तक्रार थांबली. लांब नावाचा संदेश अधूनमधून येतो, बहुधा ग्राहकाने ई-मेलने पाठवलेली फाइल तशीच टाकताना. आता तो आल्यावर काय करायचं हे ऑपरेटरांना ठाऊक आहे. दुसऱ्याची दुरुस्ती बुजण्याचा प्रकार पुन्हा झालेला नाही. पेनड्राइव्हची फेरी मात्र कायम आहे, आणि प्लेट विभागातल्या माणसाला ती रास्तपणे त्रासदायक वाटते. सीटीपी यंत्राचं सॉफ्टवेअर बदलेपर्यंत तिला पर्याय नाही.

वेगळं काय करता आलं असतं

फाइली हलवण्याआधी एक चाचणी-फोल्डर करायला हवा होता. त्यात डझनभर नावं पुरेशी होती: 'ऱ'ची दोन्ही रूपं, कन्नडमधलं गोकाक, ८५ आणि ८६ खुणांची दोन नावं, शेवटी टिंब असलेलं 'लि.', अपूर्णविराम, मोठ्या-लहान अक्षरांची जोडी. प्रत्येक नाव प्रत्येक संगणकावरून तयार करायचं, दुसऱ्यावरून उघडायचं, तिसऱ्यावरून बदलायचं. हे काम एका दुपारचं आहे, आणि वरच्या चारपैकी तीन अडचणी त्यातच दिसल्या असत्या. चौथी, थेट डिस्कवर लिहिण्याची, नावांच्या चाचणीत दिसली नसती. त्यासाठी एक फाइल विंडोजवर उघडी ठेवून उबुंटूवरून तिच्यावर लिहून पाहावं लागलं असतं.

जुना संग्रह उतरवताना मॅकवर आरसिंकची नवी आवृत्ती बसवून आयकॉन्व्ह वापरलं असतं, तर एनएफडीचा प्रश्न मोजक्या फाइलींपुरता उरला असता. तेवढा धीर नव्हता तरी दुसरा सोपा मार्ग होता: मॅकवर सामायिक फोल्डर जोडून फाइंडरमधूनच कॉपी करणं. वेग कमी, पण मॅक एसएमबीवरून जाताना नाव स्वतःच जोडलेल्या रूपात पाठवतो.

विंडोजचा पर्याय सोडण्याचा निर्णय आजही वादाचा ठरू शकतो. फक्त फाइल-सर्व्हर म्हणून एक जुना विंडोज संगणक बाजूला ठेवला असता, तर लांब मराठी-कन्नड नावं आहे तशी राहिली असती आणि ४० खुणांचा नियम लागला नसता. एनएफडीचा प्रश्न तिथेही आला असता, कारण एनटीएफएससुद्धा दोन रूपं एक मानत नाही. ज्या कार्यालयात मॅक नाही आणि नावं बदलणं शक्य नाही, उदाहरणार्थ दस्तऐवजांची नावं कायद्याने ठरलेली आहेत, तिथे विंडोजचा पर्याय आधी तपासावा. इथे आठ वर्षांचा संग्रह मॅकवरचा होता, नावं ठेवणं आपल्याच हातात होतं आणि बंद न पडणारं यंत्र हवं होतं, म्हणून लिनक्स टिकला.

ऑगस्टमध्ये हे काम काढणं मात्र चूकच होती. दिवाळी अंक छापून गेले की लग्नसराईचा जोर येईपर्यंत या छापखान्यात दोन-तीन आठवडे सैल जातात. तेव्हा हेच काम झालं असतं, तर ताळेबंदाचं ते पान पुन्हा छापावं लागलं नसतं.